‘मजुरी कुठाय पोरी?’

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

परवा एका गोठ्याच्या गेटचं कोटेशन लिहीत होते. अँगल, पत्रा, रॉड, लाइटबिल सगळं मांडलं आणि शेवटच्या ओळीशी हात थबकला. गिऱ्हाईक ओळखीचं. तेवढ्यात तुमचा आवाज कानात वाजला, ‘मजुरी कुठाय पोरी?’ ती ओळ लिहिली आणि म्हटलं, आता बारा वर्षं राहिलेलं पत्रही लिहून टाकू.

नववीला आपल्या शाळेत आयबीटी आलं, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञान. आठवड्यातला एक दिवस हातानं काम. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमातून हा अभ्यासक्रम आला, डॉ. कलबागांनी १९८३ साली तो आश्रम काढला, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच माहीत की अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि पोरींनी चौथ्यातच राहावं ही घरच्यांची समजूत. तुम्ही हजेरीच्या क्रमानं वेल्डिंगचा होल्डर हातात दिलात. विषय संपला. मुलांनी केलेल्या चिक्कीचा पाक जमला नाही, ती ताटालाच चिकटून बसली, हे आम्ही पोरी अजून विसरलेलो नाही.

माझं स्टूल आठवतं? २५ बाय २५ बाय ३ मिलिमीटरचा लोखंडी अँगल. आधी टॅक, म्हणजे जागा धरणारे छोटे टाके, न मारता मी घाईनं एका बाजूनं वेल्डिंग ओढत गेले आणि गार होताना पाय आत गेला. तुम्ही रागावला नाहीत. काटकोन तपासायचा गुण्या माझ्याच हातात दिलात, फट मलाच बघायला लावलीत आणि जोड हॅक्सॉनं कापायला सांगितलात. हाताला फोड आले होते, ते तेव्हा बोलले नाही.

मग खर्चाची वही. तीन मीटर अँगल, मीटरला १.१ किलो, म्हणजे ३.३ किलो. रॉड मोजून. मजुरी शून्य, कारण काम मीच केलं होतं. तुम्ही वही परत केलीत. ‘तुझ्या आईला खुरपणीची हजेरी मिळते का नाही? मग तुझीच का फुकट?’ सर, आज माझा धंदा त्या एका ओळीवर उभा आहे.

तुमचं स्वतःचं मानधन मात्र चार-चार महिने अडकायचं. रात्री ट्रॉल्या जोडून तुम्ही सकाळी लाल डोळ्यांनी शाळेत यायचात. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसायशिक्षण आणि दहा दिवस दप्तराविना शाळा आहे, वाचून बरं वाटलं. पण शिकवणाऱ्या मिस्त्रीची मजुरी वेळेवर कोण देणार, हे मी आधी बघेन. सवय तुम्हीच लावलीत.

स्टूल आईच्या चुलीपाशी आहे. एक पाय अजून किंचित आत, खाली पुठ्ठ्याची घडी. इकडे आलात तर वर्कशॉपवर या. गुरुवारी लाइट नसते, निवांत बोलता येईल.

तुमची विद्यार्थिनी