श्रावणातील ऑनलाइन मैफलीसाठी मदतीचे आवाहन

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील आणि येथून नोकरी-व्यवसायानिमित्त बाहेरगावी स्थायिक झालेल्या सर्व संगीतप्रेमी बंधुभगिनींना मंडळाचा सप्रेम नमस्कार.

येत्या श्रावणातील शेवटच्या रविवारी सायंकाळी ५.३० वाजता, विद्यापीठात व महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची एक छोटेखानी मैफल आमचे संगीत मंडळ ऑनलाइन सादर करणार आहे. मैफल सर्वांसाठी विनामूल्य आहे. तिचा खर्च मात्र सभासदांच्या वार्षिक वर्गणीतून भागण्यासारखा नाही, म्हणून आपल्यापुढे हात पसरत आहोत.

मैफलीच्या पूर्वार्धात दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशा चार वाद्यांवर, ऑस्ट्रियन संगीतकार हायडन यांनी १७८१ साली रचलेल्या सहा चौकडींपैकी (म्हणजे चार वाद्यांसाठीच्या रचनांपैकी) एका चौकडीचा पहिला भाग सादर होईल. वाजवणाऱ्या चौघांपैकी तिघे शिक्षणासाठी गोव्याहून बेळगावात आलेले आहेत. चर्चच्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवण्याची गोव्यातील जुनी परंपरा त्यांच्या हातात उतरलेली आहे. चौथी विद्यार्थिनी शहापूरची. मांडी घालून, व्हायोलिनचे टोक पायाशी टेकवून ख्यालाच्या अंगाने वाजवायला ती लहानपणापासून शिकली. या चौकडीसाठी तिने खुर्चीवर बसून, वाद्य हनुवटीखाली धरून, समोरचा कागद वाचत वाजवण्याची तयारी गेल्या वर्षभरात नेटाने केली आहे. चौकडीला ताल देणारा कोणी नसतो, चौघांनी एकमेकांकडे पाहूनच उठाव घ्यायचा असतो, आणि ही मुले तो आता विश्वासाने घेतात, हे आम्ही तालमीत पाहिले आहे.

उत्तरार्धात ख्यालगायन, सतार-व्हायोलिन जुगलबंदी आणि एकल पेटीवादन आहे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली इथल्याच सुळेभावीचा, आणि १९१७ साली कागवाडला जन्मलेल्या पं. रामभाऊ बिजापुरे यांनी बेळगावात राहून पेटीवादकांच्या पिढ्या घडवल्या, हे आपण सारे जाणताच. निवेदन मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत होईल, कारण गाणारी-वाजवणारी मुले दोन्ही घरांतली आहेत.

मैफल ऑनलाइन करण्यामागे साधे कारण आहे. श्रावणात जांबोटी-कणकुंबीकडच्या पालकांना रात्रीच्या पावसात परतणे अवघड होते, वयस्क रसिकांना जिने चढवत नाहीत, आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या माणसांना एका संध्याकाळीसाठी गावी येणे जमत नाही. ‘मग मुलांनी आपापल्या घरी बसूनच का वाजवू नये?’ असे काही हितचिंतकांनी आपुलकीने विचारले. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे तीन मीटरवर बसलेल्या साथीदाराचा सूर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आतच कानी पडतो. इंटरनेटवरून तोच सूर यायला बऱ्याचदा त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. मग प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबतो आणि लय मागे खेचली जाते. म्हणून सर्वांनी एका खोलीत बसून वाजवणे आणि तेथूनच प्रक्षेपण करणे, हाच मार्ग उरतो.

हे प्रक्षेपण मोबाइलवरून करून पाहण्यात आले. पहिल्या काही क्षणांतच तानपुरा ऐकू येईनासा झाला. संभाषणासाठी बनवलेली ॲप माणसाचे बोलणे तेवढे राखतात आणि सतत एकसारख्या येणाऱ्या नादाला पंख्याची घरघर समजून दाबून टाकतात. गायिका षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, स्थिर उभी होती, पण ऐकणाऱ्यापर्यंत तो षड्ज पोहोचतच नव्हता. चेलोच्या लांब स्वरांचेही तेच झाले. विद्यार्थ्यांनी वर्षभर मेहनत करायची आणि ऐकणाऱ्याच्या कानी त्यातले निम्मेच पडायचे, हे आम्हाला मान्य नाही. यासाठी चांगल्या मायक्रोफोनची जोडी, त्यांचा आवाज न छाटता संगणकात नेणारे ऑडिओ इंटरफेस आणि हे सारे हाताळणारा जाणकार माणूस लागेल.

एकूण अंदाजित खर्च ९०,००० रुपये आहे. त्यापैकी ३८,००० रुपये मायक्रोफोन व इंटरफेससाठी, १७,००० रुपये यूपीएस आणि इंटरनेटच्या दुसऱ्या जोडणीसाठी लागतील. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. तबलासाथीचे मानधन, तंत्रज्ञाचा मेहनताना आणि विद्यार्थ्यांचा प्रवास यांसाठी २०,००० रुपये आणि वाद्यांच्या दुरुस्तीसाठी १५,००० रुपये धरले आहेत. विद्यार्थी स्वतः मानधन घेणार नाहीत. खरेदी केलेली सामग्री मंडळाकडे राहील आणि पुढेही कोणत्याही विद्यार्थ्याला ध्वनिमुद्रणासाठी विनामोबदला वापरता येईल.

पैशांखेरीज आणखी दोन गोष्टी हव्या आहेत आणि त्या आपल्यापैकी कोणाच्या तरी घरी निश्चित आहेत. पहिली, तानपुरा. आपल्या भागात कित्येक घरांत आजी-आजोबांचा तानपुरा गवसणीत घालून कोपऱ्यात उभा असतो. तारा गंजलेल्या असतात, जवारी (तारांना गुंजन देणारा घोडीचा घासलेला पृष्ठभाग) बसलेली असते, पण भोपळा शाबूत असतो. असा तानपुरा आपण काही महिन्यांसाठी दिलात, तर तो मिरजेच्या कारागिरांकडे नेऊन जवारी काढून घेऊ, नव्या तारा चढवू आणि मैफलीनंतर सुस्थितीत आपल्या घरी पोहोचवू. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. इतक्या जवळ हे कसब असताना आपल्या घरचे वाद्य मुके राहू नये, असे मनापासून वाटते. दुसरी गोष्ट, जागा. पत्र्याच्या छपराखाली पावसाच्या आवाजात ही मैफल होऊ शकत नाही. जाड भिंतींचा, रस्त्यापासून आत असलेला, पंधरा-वीस माणसे बसतील एवढा वाड्यातला दिवाणखाना तालमीसाठी दोन दिवस व मैफलीसाठी एक दिवस मिळाल्यास फार मोठी सोय होईल. ओल्या हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, सैल पडून सुरातून उतरते, म्हणून खोली कोरडी असावी, एवढी विनंती.

देणगी कितीही लहान असली तरी ती आनंदाने स्वीकारली जाईल. मंडळाच्या कार्यालयात रोज सायंकाळी ६ ते ८ या वेळेत रोख रक्कम अथवा धनादेश द्यावा आणि पावती आठवणीने घ्यावी. बाहेरगावच्या रसिकांनी येथील आपल्या नातेवाइकांकरवी देणगी पाठवावी. जमाखर्चाचा तपशील मैफलीनंतर पंधरा दिवसांच्या आत कार्यालयाच्या फलकावर लावण्यात येईल. सामग्री वेळेत मागवता यावी यासाठी देणग्या नागपंचमीपर्यंत आणि तानपुरे त्याआधी आठ दिवस आमच्याकडे पोहोचावेत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
कार्यकारी मंडळ, बेळगाव