भरतीच्या तयारीत वहीलाही जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलीस शिपाई भरतीचे वेध लागले की सर्वच वृत्तपत्रांत, आपल्या दैनिकातही, मैदानी चाचणीच्या तयारीविषयी पुष्कळ मजकूर येतो आणि तो उपयुक्तही असतो. मुलांनी 1600 मीटर 5 मिनिटे 10 सेकंदांच्या आत धावले तर 20 पैकी 20 गुण, गोळा साडेआठ मीटरवर पडला तर 15 पैकी 15, मुलींना धावण्यासाठी 800 मीटर, हा हिशेब गावोगावच्या उमेदवारांना तोंडपाठ आहे. तो असायलाही हवा, कारण 2024 च्या भरतीत 17 हजारांहून थोड्या अधिक पदांसाठी 17 लाखांवर अर्ज आले होते आणि एवढ्या गर्दीत एका गुणाने नाव प्रतीक्षा यादीत जाऊन पडते. पहाटे डांबरी रस्त्यावर धावून नडग्या दुखवून घेणाऱ्या या मुलामुलींच्या कष्टांविषयी मला शंका नाही. (अकॅडमीवाल्यांनी त्यांना निदान मातीच्या मैदानावर तरी पळवावे, एवढे मात्र सांगावेसे वाटते.)

माझा मुद्दा या तयारीतून पूर्णपणे निसटलेल्या एका गोष्टीविषयी, म्हणजे स्वतःच्या शब्दांत नेमके लिहिण्याविषयी आहे. लेखी परीक्षा 100 गुणांची आणि 90 मिनिटांची असते. तीत अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी आणि मराठी व्याकरण हे विषय असतात आणि प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय दिलेले असतात. परिणामी समास, प्रयोग, अलंकार अचूक ओळखणारा उमेदवार स्वतःचे एकही वाक्य न लिहिता पोलीस दलात दाखल होऊ शकतो. पुढे प्रशिक्षण केंद्रात कायदा, कवायत, शस्त्रे, गुन्ह्याचा तपास असे सगळेच मोजक्या महिन्यांत उरकायचे असल्याने, जे शाळेत व्हायला हवे होते ते तेथे होईल अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

पोलीस ठाण्यातले काम मात्र पहिल्या दिवसापासून लेखणीचे असते. ठाणे अंमलदाराच्या हाताखाली बसलेल्या नव्या शिपायाला स्टेशन डायरीतील नोंदी, बारनिशीतील (टपालाच्या नोंदवहीतील) आवक-जावक, मुद्देमालाची लेबले, तक्रारदाराचे म्हणणे, यांतले काही ना काही लिहावेच लागते आणि त्यातले बरेचसे कागद केव्हा ना केव्हा न्यायालयासमोर जातात. पंचनाम्याचे उदाहरण घेऊ. घरफोडीतील दागिना हस्तगत झाला तर पंचनाम्यात ‘सोन्याची चेन’ असे लिहायचे नसते. ‘पिवळ्या धातूची चेन’ असे लिहून तिची लांबी, नक्षी, कडीचा प्रकार आणि वजन नोंदवायचे असते, कारण ती सोन्याची आहे की नाही हे सराफाने तपासून सांगायचे असते, पंचांनी किंवा पोलिसांनी नव्हे. सेवेत असताना मी नव्या पोरांच्या कच्च्या मसुद्यांत ‘सोन्याची’ हे लिहिलेले कित्येकदा खोडले आहे. ते तसेच गेले आणि चेन पुढे बेन्टेक्सची निघाली, तर ‘मूळ सोन्याची चेन कोठे गेली?’ हा बचाव पक्षाच्या वकिलाचा पहिला प्रश्न असतो, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या हवालदाराला घाम फुटतो. घटनास्थळाच्या चतुःसीमा, दरवाजाची कडी आतून तुटली की बाहेरून, पंचनामा सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, यांबाबतही हेच. जे पाहिले तेवढेच आणि ज्या क्रमाने पाहिले त्याच क्रमाने लिहिणे हे कौशल्य आहे आणि ते सरावाशिवाय येत नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण बंधनकारक केले आहे. त्यामुळे आता लिहिण्याचे महत्त्व कमी होईल, असे काही जण म्हणतात. मला नेमके उलटे वाटते. पूर्वी कागदावर राहिलेली उणीव निदान लगेच दिसत नसे. आता पंचनाम्यात एक आणि चित्रीकरणात दुसरे असेल तर ती तफावत न्यायालयात सर्वांच्या डोळ्यांसमोर येईल. शिवाय पदवीधर शिपायांना ठरावीक सेवा आणि प्रशिक्षणानंतर किरकोळ गुन्ह्यांच्या तपासाचे अधिकार देण्याचा निर्णय राज्य सरकारने 2025 मध्ये घेतला आहे. म्हणजे आज मैदानावर धावणारी मुलगी उद्या स्वतः तपासी अंमलदार होऊ शकते.

लाखो उमेदवारांच्या वर्णनात्मक उत्तरपत्रिका तपासणे अशक्य आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. पण मैदानी चाचणीतून एका पदामागे दहाच उमेदवार लेखीसाठी बोलावले जातात आणि त्यांतूनही अंतिम निवड थोड्यांचीच होते. कागदपत्र पडताळणीला जे बोलावले जातात, निदान त्यांच्यासाठी अर्ध्या तासाची, केवळ पात्रतेपुरती, गुणवत्ता यादीत न धरली जाणारी एक लेखनचाचणी ठेवता येईल. एखाद्या प्रसंगाचे दोन मिनिटांचे चित्रीकरण दाखवावे आणि जे दिसले ते एका पानात लिहून घ्यावे. गृह विभागाने याचा विचार करावा, अशी विनंती आहे.

उमेदवारांनी मात्र शासन निर्णयाची वाट पाहू नये. सकाळचे मैदान झाल्यावर वाटेत पाहिलेली कोणतीही एक घटना, बाजारातली बाचाबाची असो की एसटी आणि दुचाकीची धडक, वेळ, ठिकाण, दिशा आणि अंतरासह दहा ओळींत लिहावी. ‘भरधाव’, ‘बेदरकार’ असले शब्द टाळून चाकांच्या खुणा किती फूट दिसल्या ते लिहावे. मग ते पान तिथे हजर नसलेल्या मित्राला वाचायला देऊन त्यावरून जागेचा कच्चा नकाशा काढायला सांगावा. नकाशा चुकला तर पान पुन्हा लिहावे. याला अकॅडमीची फी लागत नाही.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार,
तासगाव, जि. सांगली