राब भाजण्याआधी एवढं वाचा, बाबा

दिंडोरी, एप्रिल

ती. आई आणि ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी भाताच्या रोपवाटिकेसाठी बायोचार, म्हणजे जमिनीत घालायचा कोळसा, करा म्हटलं, तर बाबा म्हणाले, "कोळसाच करायचा ना, मग आपण राब भाजतो ते काय वेगळं?" तेवढ्यात रेंज गेली. तसंही हे फोनवर सांगून होण्यातलं नाही, म्हणून पत्र लिहिते. आई, तू बाबांना वाचून दाखव. चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही.

बाबा, राबात आपण भाताच्या रोपांच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, ऐनाची टहाळं थरावर थर पसरतो आणि उघड्यावर जळू देतो. शेवटी हाती येते राख. राखेत पालाश असतं, थोडं स्फुरद असतं, तणाचं बी भाजून निघतं. वाडवडील काही उगाच राब भाजत नव्हते. पण शेणातलं नत्र धुराबरोबर जातं आणि जमिनीचं खरं धन, म्हणजे कर्ब, तोही बहुतेक सगळा हवेत जातो. उरलेली राख आपल्याकडच्या पहिल्या दोन जोरदार पावसांत बांधाखाली वाहून जाते. दोन गाईंचं हिवाळाभराचं शेण असं एका दुपारी फुंकायचं, हे मला आता बघवत नाही.

बायोचारमध्ये लाकूड जळतं, पण पूर्ण जळू द्यायचं नाही. हवा तोडली की राख न होता कोळसा राहतो. हा कोळसा जमिनीत कुजत नाही, शेकडो वर्षं टिकतो. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या जंगलात माणसांनी कोळसा, हाडं, उकिरडा मिसळून केलेली काळी माती हजार-दोन हजार वर्षांनी आजही आजूबाजूच्या लाल मातीपेक्षा सुपीक आहे. कोळसा स्वतः खत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. त्याच्या अंगावर बारीक छिद्रं असतात, त्यांत पाणी आणि खत धरून राहतं.

आमच्याकडे खरड छाटणी झाली की द्राक्षाच्या काड्यांचे ढीग पडतात. काही जण कुट्टी करतात, बरेच जण बांधावर पेटवून मोकळे होतात. आम्ही खड्डा केला. वरून दीड मीटर रुंद, खाली निमुळता, साधारण मांडीइतका खोल. तळाशी सुक्या काड्या रचून वरून पेटवायच्या. निखाऱ्यावर पांढरी साय धरू लागली की पुढचा थर टाकायचा, त्यावर साय आली की अजून एक. वरची ज्वाळा सगळी हवा खाऊन टाकते, त्यामुळे खालच्या निखाऱ्याला राख व्हायला हवाच मिळत नाही. काड्या वाळलेल्या असल्या तर धूर जवळजवळ नसतो. ओलं टाकलं की डोळे चुरचुरतात, ते चुलीपुढे आयुष्य काढलेल्या आईला सांगायला नको. खड्डा भरला की पाणी ओतून विझवायचा. नीट झालेला कोळसा खळ्ळकन मोडतो आणि हाताला लागलेला काळा नुसत्या पाण्याने निघतो. हात तेलकट राहिले तर कच्चा आहे असं समजायचं. सुक्या काड्यांच्या वजनाचा पाचवा हिस्सा, फार तर पाव कोळसा मिळतो. नाना पहिल्यांदा म्हणाले, एवढी ट्रॉली जाळून एवढंच? आता तेच खड्ड्याशी खुर्ची टाकून बसतात आणि थर कधी टाकायचा ते आम्हाला सांगतात.

खरं सांगायचं तर आमच्या काळ्या जमिनीत बागेला डोळ्यांना दिसेल असा फरक पडलेला नाही. इथली जमीन चुनखडीची, माती परीक्षणात सामू, म्हणजे पीएच, आठच्या वर. कोळसाही अल्कधर्मीच, त्यामुळे इथे तो बेतानेच घालावा लागतो. टेकाडावरच्या मुरमाड तुकड्यात मात्र टोमॅटोला पाण्याची पाळी थोडी लांबवता येते, हे ह्यांनीही कबूल केलंय. म्हणूनच तुम्हाला एवढं लिहिते आहे. घोटीकडची आपली जमीन लाल, हलकी आणि आंबट. आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू सहाच्या खाली होता, ती पत्रिका देवघराच्या फळीवर असेल बघा. पाऊस इतका की टाकलेला युरिया भातापेक्षा ओढ्याला जास्त मिळतो. कोळशाचा खरा उपयोग अशाच जमिनीला.

आमच्या काड्यांचा कोळसा मी तुमच्याकडे आणणार नाही. बागेवर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारतात, त्यातलं तांबं काड्यांवर राहतं आणि जाळलं तरी जात नाही. शिवाय तुमच्याकडे लाकडाची गरजच नाही, तूस आहे. शंभर किलो भातामागे वीस किलोच्या आसपास तूस निघतं आणि घोटीत भात गिरण्यांना तोटा नाही. जुन्या हलरवर तूस आणि कोंडा एकत्र पडतो, तो घेऊ नका, तो गाईंना. रबर शेलरच्या गिरणीवरचं स्वच्छ तूस आणा. पेंढ्याला हात लावायचा नाही, ती गुरांची वैरण.

तुसाला खड्डा चालत नाही, ते दाबून बसतं आणि गुदमरतं. त्याला तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा घ्या. चारी बाजूंना खिळ्याने भोकं पाडा, भोक तुसापेक्षा बारीक हवं. डबा पालथा ठेवायचा आणि वर आलेल्या बुडाला गोल कापून त्यात पत्र्याचा पाइप उभा करायचा, छातीइतका उंच. डब्याखाली सुक्या काटक्यांचा चांगला जाळ करा. निखारे धरले की भोवताली तुसाचा ढीग लावा, पाइपाचं तोंड वर मोकळं राहील असा. तुसातून ज्वाळा निघत नाही, आतून धग सरकत बाहेर येते. दोन-तीन तासांनी ढिगावर काळे डाग उमटतात. मग फावड्याने बाहेरचं पिवळं तूस आत आणि आतलं काळं बाहेर, असं अधूनमधून उलटत राहायचं. सगळं काळं झालं आणि कुठे करडेपणा दिसायला लागला की लगेच डबा काढायचा, ढीग पातळ पसरायचा आणि हंड्याने पाणी शिंपडायचं. इथे "अजून थोडं होऊ दे" म्हणाल तर राख होईल. धूर पाइपातून बराच निघतो, म्हणून वारा घराकडे नसेल तेव्हाच करा. गोठ्यात किंवा पडवीत तर अजिबात नको, त्या धुरात माणूस गुंगून पडतो.

तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, ते मला माहीत आहे. म्हणून लाकडाचा मोठा खड्डा तुम्हाला सांगतच नाही, तो विझवायला पाण्याच्या टाक्या लागतात. तुसाला पाच-सहा हंडे पुरतात. पण विझलं म्हणून लगेच गोणीत भरू नका. पसरून रात्रभर ठेवा, सकाळी आत हात घालून बघा. आत एक ठिणगी राहिली तर गोणी पेटते, आणि एप्रिलमध्ये पेंढीची उडवी जवळ असते.

नुसता कोळसा वाफ्यात टाकायचा नाही. तो कोरा असतो, आधी स्वतःच नत्र पिऊन घेतो आणि रोपं पिवळी पडतात. लोणच्याच्या फोडीसारखा तो आधी मुरवावा लागतो. शेणकाला आणि गोमूत्रात कालवून दोन-तीन आठवडे सावलीत झाकून ठेवा, ओल टिकू द्या. आई, हे तुझं काम, तुझा हात त्यात बरोबर बसेल. कोरड्या कोळशाची पूड नाकात जाते, म्हणून ओलाच हाताळ आणि तोंडाला पदर बांध.

हे काही परकं नाही, बाबा. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भात लागवडीतलं पहिलं सूत्र आठवा. त्यात तुसाची काळी राख, म्हणजे हाच कोळसा, गादीवाफ्यात मिसळायला सांगितली आहे, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. एक मीटर रुंद आणि दहा मीटर लांब वाफ्याला पाच ते दहा किलो झाली. तुसात सिलिका भरपूर असते, त्याने रोप ताठ होतं. सगळ्या शेताला पुरेल एवढा कोळसा करायला जाऊ नका. एकराला चार टन म्हणजे दर चौरस मीटरला एक किलो, तो आपल्याला झेपणारा नाही. नुसत्या रोपवाटिकेला करा.

एक गोष्ट राबाची चांगली, ती कोळशाने होत नाही, ती म्हणजे तण. त्यासाठी पेरणीआधी वाफ्यावर पाणी शिंपडून तण उगवू द्या आणि खुरपून काढा. पाणी नसेल तर पहिल्या सरींची वाट बघा. आणि तुमचं मन मानत नसेल तर निम्म्या वाफ्यांत राब भाजा, निम्म्यांत कोळसा घाला, मध्ये दगड ठेवा. लावणीच्या वेळी रोप उपटताना मुळं कशी येतात ते तुमच्या हाताला कळेलच, मग पुढच्या वर्षीचं ठरवू.

पाइप आणि भोकं पाडलेला डबा इथे तयार आहे, पुढच्या रविवारी हे घेऊन येतील. तोवर तूस आणून झाकून ठेवा. बाबा, पेटवायला मात्र आम्ही येईपर्यंत थांबायचं. गुडघ्याच्या तेलाची बाटली आणि मनुकेही पाठवते आहे. मनुके देवापुढे ठेवण्याआधी संपतात, ते कोण संपवतं ते मला माहीत आहे.

तुमची,
ताई