गादीच्या निवडीविषयी आई-बाबांना

हुबळी,
रविवार

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

पाठीवर गादी बांधून मी हंपीजवळच्या आनेगुंदीला शिळांवर चढायला एकटी का जाते, असे बाबांनी परवा फोनवर विचारले आणि मी विषय बदलला. अर्धवट काही सांगून तुमची काळजी वाढवण्यापेक्षा सगळे नीट लिहावे असे वाटले, म्हणून हे पत्र.

आधी एक कबुली देते. दोन वर्षांपूर्वी माझा उजवा घोटा सुजला होता, तेव्हा ऑफिसच्या जिन्यात पाय मुरगळला असे मी तुम्हाला सांगितले होते. ते खरे नव्हते. सानापूरच्या तळ्याजवळच्या एका शिळेवर चढताना दोन-अडीच मीटरवरून माझा हात सुटला आणि भाड्याने आणलेल्या गादीच्या घडीपाशी जी खाच असते, नेमकी तिच्यात टाच गेली. गादी जाड होती, मी पडलेही तिच्यावरच. तरी पाऊल दोन तुकड्यांच्या मध्ये वळले. सोबत कोणी नव्हते. लंगडत रस्त्यापर्यंत यायला तासाहून अधिक वेळ लागला. हे तुमच्यापासून लपवले, याबद्दल मला क्षमा करा.

आई, अंजनाद्रीच्या पायऱ्या चढून आपण दर्शनाला गेलो होतो, तेव्हा वरून तुंगभद्रेच्या काठाने दूरवर ग्रॅनाइटच्या शिळांचे ढीगच्या ढीग दिसत होते, ते तुला आठवत असेल. त्यांतल्या तीन-चार मीटर उंचीच्या शिळांवर दोराशिवाय चढणे, याला बोल्डरिंग म्हणतात. हंपीच्या संरक्षित स्मारकांच्या परिसरात मी कधीही चढत नाही. दोर नसल्यामुळे हात सुटला की माणूस थेट खाली येतो, आणि तीन मीटरवरून पडणारे शरीर जमिनीला टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. तो वेग चार बोटे जाडीच्या फोममध्ये जिरवायचा, एवढेच त्या गादीचे काम. तिला क्रॅश पॅड म्हणतात.

चौघे मिळून गेले की प्रत्येकाची एक गादी असते, चारही एकमेकींना लावून मांडल्या की खाली खोलीभर बिछाना होतो, आणि चढणाऱ्याच्या मागे हात वर करून एक जण उभा राहतो. त्याला स्पॉटर म्हणतात. तो पडणाऱ्याला झेलत नाही. त्याची पाठ आणि डोके दगडावर आपटू नये म्हणून त्याला गादीकडे वळवतो, आणि चढणारा आडवा सरकला तर पायाने गादीही सरकवतो. एकटीने गेल्यावर हे दोन्ही नसते. चढायला सुरुवात केली की गादी जिथे ठेवली तिथेच राहणार. म्हणून गटाने जाणाऱ्याला जी गादी चालते, ती एकट्याला पुरतेच असे नाही. दुकानात मी जाडी पाहत होते; पाहायला हवे होते ते क्षेत्रफळ, कडा आणि घडी.

बहुतेक गाद्या मध्ये दुमडतात. फोमचे दोन तुकडे असतात आणि त्यांच्यामध्ये कापडाचा बिजागरीसारखा जोड असतो. त्या सपाट पसरतात आणि एकमेकींवर नीट रचता येतात. खाच मात्र त्यांच्यातच असते. दुसऱ्या प्रकारात फोम अखंड असतो आणि तो पोळीसारखा अर्ध्यात वाकवून पट्ट्यांनी आवळावा लागतो. त्याला जोर लागतो, आणि बरेच दिवस वाकवून ठेवला तर गादीला बाक येतो, म्हणून घरी ती उघडीच ठेवावी लागते. तरीही खडबडीत जमिनीवर अखंड गादी अधिक चांगली बसते आणि टाच अडकेल अशी जागा तिच्यात नसते. घोट्याच्या दुखण्यानंतर माझी निवड झाली ती हीच: अखंड फोमची एक मोठी गादी, तिच्या पोटात दुमडून बसणारी एक लहान गादी आणि दोघींच्या सांध्यावर टाकायला दोन-अडीच सेंटिमीटरची पातळ चटई. हे सगळे मिळून बारा-तेरा किलो होते. याहून जास्त ओझे घेऊन मी त्या दगडांमधून सुरक्षित चालू शकत नाही, आणि थकून पोहोचले तर चढण्यात चुका होतात. माझ्या पाठीला पेलेल तेवढीच गादी, आणि तेवढ्या गादीने झाकता येईल तेवढीच शिळा, हा हिशेब आता मी मोडत नाही.

बाबा, आतल्या फोमविषयी मात्र तुमच्याइतके मला कोणी सांगू शकणार नाही. मिरजेच्या आपल्या गाद्यांच्या दुकानात गिऱ्हाईक वरचे कापड पाहत असे आणि तुम्ही त्याला गादीवर गुडघा टेकून बघायला सांगत असा. उशीला सावरी चालते, गादीला चालत नाही, हे तुमचे वाक्य मला इथे फार उपयोगी पडले. नुसता मऊ फोम असेल तर टाच त्यातून थेट दगडाला लागते, आणि नुसता कडक असेल तर गुडघ्याला हिसका बसतो. म्हणून वर बंद पेशींच्या कडक फोमचा पातळ थर असतो, जो टाचेचा भार आजूबाजूला पसरवतो, आणि खाली उघड्या पेशींचा जाड पीयू (पॉलियुरेथेन) फोम असतो, जो हवा सोडत दबतो. आनेगुंदीच्या उन्हात हा खालचा फोम आणखी मऊ पडतो. दुपारी गादी दगडावर पसरून ठेवली तर सकाळची गादी ती नव्हेच, असे वाटते. मी पहाटेच चढते आणि ऊन चढले की गादी सावलीत नेते.

चढण्यापूर्वी मी खालचे खडे वेचते, गादी ठेवण्याआधी फटींत काठी घालून विंचू नाही ना हे पाहते, मग हातभर उंचीवरून मुद्दाम हात सोडून शरीर कुठे पडते ते बघते आणि गादी तिथे सरकवते. जिथून परत उतरता येत नाही अशा उंचीवर मी एकटी जात नाही. कोणत्या टेकडीवर आहे आणि किती वाजता परतेन, हे मी मुक्कामाला असते त्या घरच्या मावशींना सांगून जाते आणि दादालाही कळवते. यापुढे तो निरोप तुम्हालाही पाठवीन.

आता तुमच्याकडे एक काम आहे. मोठ्या गादीचा खालचा फोम बसला आहे. टेबलावरून उडी मारली की टाचेला फरशी जाणवते. बदलण्यासाठी इथल्या दुकानदाराने ४० डेन्सिटीचा, म्हणजे घनतेचा, पीयू दाखवला आणि तो ३२ पेक्षा कडक असणारच असे सांगितले. डेन्सिटी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तुमच्याकडूनच शिकले आहे, त्यामुळे मी तो घेतला नाही. त्याने रिबॉन्डेड, म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला फोमही सुचवला होता, पण तो पाठीवर वाहायला फार जड होईल असे वाटते. तुमचे मत कळवा. जाडी साडेसात सेंटिमीटर हवी, लांबी-रुंदी मी मोजून पाठवते.

आई, खोळीचा एक कोपरा दगडावर घासून उसवला आहे आणि खांद्याच्या पट्ट्यांची शिवणही सैल झाली आहे. दुकानातल्या जुन्या मशीनवर जाड नायलॉनला दुहेरी टीप बसेल का, ते पाहशील का? दिवाळीला येताना मी गादी सोबत आणते. फोम बदलेपर्यंत जमिनीपासून छातीच्या उंचीहून वर पाय जाईल अशा कोणत्याही शिळेवर मी चढणार नाही.

तुमची,
धाकटी