जामीनदार पाहिजेत, तेही लवकर

कोल्हापुरात गणपतीची पावती फाडायला कुणी मागं सरत नाही. तालमीला, मंडळाला, फुटबॉलच्या संघाला खिशात हात घालणारी माणसं आहेत आपल्याकडं. यंदा आमचं महिला मंडळ पैशाआधी दुसरंच काहीतरी मागतंय. तुमची सही, आणि घरफाळ्याची (घरपट्टीची) चालू पावती. तुरुंगात अडकलेल्या गरोदर बायकांना जामीन राहण्यासाठी.

गेल्या हंगामातली गोष्ट. मराठवाड्यातून आलेली ऊसतोडीची एक बाई. टोळीत भांडण झालं, एकाचं डोकं फुटलं आणि गुन्ह्यात हिचंही नाव आलं. अटक झाली तेव्हा सहावा महिना सरत आलेला. जामीन मंजूर झाला. पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे तिची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार, असा हुकूम. आता स्थानिक जामीनदार ही आणणार कुठून? मुकादम टोळी घेऊन पुढच्या फडावर गेलेला, सातबारा चुलत सासऱ्याच्या नावावर आणि तोही तिकडं गावाकडं. हुकूम झाल्यावर ती एकोणीस दिवस आतच होती. न्यायालयानं सोडलेलं, पण सही करायला माणूस नाही म्हणून!

शेवटी आमच्यातल्या एक मावशी उभ्या राहिल्या. आधार, रेशनकार्ड, घरफाळ्याची पावती, दोन फोटो. टेबलावरच्या माणसानं विचारलं, "तुम्ही हिच्या कोण?" मावशी म्हणाल्या, "कोण नाही." त्यानं दोनदा वर बघितलं आणि कागद पुढं सरकवला. संध्याकाळी ती बाहेर आली, हातात एकच पिशवी. दोन साड्या आणि दवाखान्याचा घडी घालून घालून फाटलेला केसपेपर.

कायदा तसा बाईच्या बाजूनं बराच बोलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये, गुन्हा अजामीनपात्र आणि गंभीर असला तरी आरोपी स्त्री असेल तर न्यायालय तिला जामिनावर सोडू शकतं, असं आहे. 'सोडू शकतं', 'सोडलंच पाहिजे' नव्हे. म्हणून अर्ज नीट लिहावा लागतो, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख जोडावी लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं अमली पदार्थांच्या गुन्ह्यातल्या एका गरोदर बाईला बाळंतपणासाठी सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. त्या कायद्यात जामीन मिळणं किती अवघड असतं हे वकिलांना वेगळं सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयानं तर २००६ सालीच बजावलंय की बाळंतपण शक्यतो तुरुंगाबाहेर व्हावं, आणि आत झालंच तरी जन्मदाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंगाचं नाव येऊ नये.

वकिलाच्या फीची चिंता करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० हा नंबर त्यासाठीच आहे. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच सुरू झाल्यामुळं मुंबईच्या फेऱ्याही वाचल्या. सीपीआर दवाखान्याच्या दारात उभं राहिलं की समोर हायकोर्ट!

म्हणजे वकील आहे, कोर्ट आहे, कायदा आहे. गाडी अडते ती जामीनदारापाशी. १९७८ सालच्या मोतीराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे एवढ्यावरून नाकारू नका. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात पुन्हा सांगितलं की स्थानिक जामीनदाराची अट सुटकेला आड येत असेल तर ती शिथिल करण्याचा विचार व्हावा. हुकूम झाल्यावर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजनाही आहे, तीत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैसे मिळतात. हे सगळं आम्ही मागतोच. पण कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत दिवस जातात, आणि आठव्या महिन्यात दिवस मोजूनच असतात.

जामीन राहायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "पळाली तर?" रास्त आहे. ती निर्दोष आहे असं तुम्ही लिहून देत नाही. ती तारखेला हजर राहील एवढीच हमी देता. ती आली नाही तर तुम्हाला नोटीस येते आणि बाँडची रक्कम भरावी लागू शकते. हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून प्रत्येक तारखेला आमची एक बाई तिच्याबरोबर असते, आदल्या दिवशी फोन जातो, एसटीचं तिकीट मंडळ काढतं. मन बदललं तर जामीनकीतून मोकळं करा असा अर्ज तुम्ही कधीही देऊ शकता. आणि एखाद्यासाठी आधीच जामीन राहिला असाल तर तेही आम्हाला सांगा, कारण न्यायालयापुढं तसं लिहून द्यावंच लागतं.

पैसे लागतातच. जामीनदार मिळेपर्यंत काही वेळा रोख रक्कम भरून सुटका होते. ती खटला संपल्यावर परत येते आणि पुढच्या बाईसाठी वापरतो. बाकी खर्च झेरॉक्स, ऐपतीचा दाखला, प्रवास, सोनोग्राफी. धनादेश मंडळाच्या नावानं द्या. रोख दिलीत तर पावती घेतल्याशिवाय जाऊ नका, आणि हिशोबाची वही मागितलीत तर राग येणार नाही.

आणखी एक नड आहे. सुटल्यावर ही बाई जाते कुठं? पहिलं बाळंतपण माहेरी, हे ज्यांना माहेर आहे त्यांचं. खटला इथं, तारखा इथं, त्यामुळं लांब जाता येत नाही. कळंबा, फुलेवाडी, कसबा बावडा या भागात दोन-तीन महिने कुणाची एखादी खोली रिकामी असेल, संडास आतच असेल, तर आधी आम्हाला कळवा. भाडं देऊ. सव्वा महिना डबा पोचवणाऱ्या घरांची यादीही करतोय. डिंकाचे लाडू करून देते म्हणणाऱ्या दोघी मिळाल्यात, भाकरी करणारी अजून नाही.

गळीत हंगाम तोंडावर आहे, टोळ्या यायला लागल्या आहेत. दर शनिवारी चार ते सहा मंडळाच्या खोलीत आम्ही बसतो. जामीन राहायची तयारी असेल तर आधार, रेशनकार्ड आणि घरफाळ्याची चालू पावती घेऊन या. बाळंतविडा आणणार असाल तर कुंची, झबली, दुपटी सुती आणि धुतलेली आणा. तुरुंगात काय देता येतं ते नियमानं ठरतं, तेव्हा परस्पर गेटवर नेऊ नका. परवानगी काढून आम्ही पोचवतो.