ड्रममधल्या पाण्याबद्दल, लॅबच्या मामांना

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. आमच्यापैकी कितीजणांना ते माहीत होतं, हाही प्रश्नच आहे. कागदोपत्री तुम्ही प्रयोगशाळा परिचर, आमच्यासाठी नुसते लॅबचे मामा. पोस्टाने पाठवायला तुमचा आत्ताचा पत्ता नाही, म्हणून हे असं उघडं पत्र. नातवंडांपैकी कुणाच्या तरी मोबाइलवर येईल आणि ते तुम्हाला वाचून दाखवतील, असं धरून चालले आहे.

मी २००३-०४ची, अकरावी सायन्स. डावा डोळा म्हटलं की ओळखाल.

त्या वर्षी माणदेशात प्यायच्या पाण्याचेच वांधे होते. टँकर आला की वर्गातल्या निम्म्या मुली घागरी घेऊन रांगेत. लॅबच्या बेसिनचा नळ सोडला तर सूं सूं हवा यायची. आणि त्याच बेसिनशेजारी, विटांच्या चौथऱ्यावर, तुमचा निळा ड्रम काठोकाठ भरलेला. खाली तोटी, तोटीला गळू नये म्हणून सुतळी, वर झाकण, झाकणावर तांब्या. त्याला कुणी हात लावला की तुम्ही खेकसायचात. प्यायला नाही, हात धुवायला नाही. वर दर सोमवारी तो रिकामा करायचात! ते पाणी टेस्ट ट्यूब धुवायला, उरलेलं कडुलिंबाला, आणि ड्रमात पुन्हा ताजं. आम्ही पाठीमागे तुम्हाला काय काय म्हणायचो ते लिहीत नाही.

सॉल्ट अॅनालिसिस, म्हणजे दिलेल्या सॉल्टमध्ये काय आहे ते ओळखायचं प्रॅक्टिकल, चालू होतं. अमोनियमची टेस्ट. सॉल्टमध्ये कॉस्टिक सोड्याचं द्रावण घालून तापवायचं आणि अमोनियाचा वास येतो का बघायचं. माझ्या शेजारणीने टेस्ट ट्यूब सरळ ज्योतीवर धरली, बरोबर बुडाखाली. खरं तर तिरकी धरून, हलवत हलवत, द्रावणाच्या वरच्या भागाला आच द्यायची असते. बुडाला आच लागली की ते उसळतं. तुम्ही तर रोज ओरडून सांगायचात, "नळीचं तोंड भित्तीकडं करा. भित्तीला डोळं नस्त्यात." त्या दिवशी तोंड माझ्याकडे होतं. गॉगल वगैरे प्रकार आमच्या लॅबने पाहिलेलाच नव्हता.

आग झाली डोळ्यात. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. तुम्ही मानेला धरून मला ड्रमाखाली आडवं केलंत. दोन बोटांनी पापण्या फाकवल्यात. तोटी पूर्ण सोडलीत, वरून तांब्याने धार. सर डोळे धुवायच्या बोरिकच्या बाटलीसाठी कपाटाकडे धावले होते, किल्ली सापडत नव्हती. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "ऱ्हाऊ द्या सर. आदी पाणी." मी डोळा मिटायला बघत होते, तर "उघड पोरी, रडायचं ते घरी जाऊन रड." वीस मिनिटं. मैत्रीण घड्याळ बघून सांगत होती, तुम्ही तिला तसं बजावलं होतंत.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोहोचायला दीड तास लागला. त्यांनी पहिला प्रश्न केला तो "लगेच धुतला का?" हाच. आम्ही सगळे अॅसिडला घाबरायचो, कॉस्टिक म्हणजे काय, साबणाचाच भाऊ. डॉक्टरांनी उलटं सांगितलं. अॅसिडने वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि तो थर पुढची वाट थोडीफार अडवतो. कॉस्टिकसारखी अल्कली मात्र पेशींमधल्या स्निग्धाचा साबण करत आत आत उतरत जाते. ती थांबवायची तर पहिल्या काही क्षणांत भरपूर पाणी, दुसरं काही नाही. बोरिकची किल्ली शोधण्यात दोन मिनिटं गेली असती तर काय झालं असतं, हे त्यांनी मला नाही, बाबांना बाजूला घेऊन सांगितलं.

आज डाव्या डोळ्याच्या कडेला एक पांढरट ठिपका आहे. आरशात जवळून बघितला तरच दिसतो. नजर शाबूत आहे.

मी आता कोकणात, लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल प्लँटमध्ये क्वालिटी कंट्रोलला असते. कामाच्या पहिल्या आठवड्यात सेफ्टीवाल्यांनी आयवॉश, म्हणजे डोळे धुवायचा फवारा, दाखवला. घातक रसायन जिथे हाताळतात तिथून दहा सेकंदांत त्याच्यापाशी पोहोचता आलं पाहिजे, मिनिटाला किमान दीड लिटर पाणी आलं पाहिजे, तेही सलग पंधरा मिनिटं. आणि दर आठवड्याला तो चालवून साचलेलं पाणी काढून टाकायचं. हे ऐकताना मला हसू फुटलं. सेफ्टीवाल्यांना वाटलं, मी गांभीर्याने घेत नाहीये. त्यांना काय सांगणार, मामा, की हा दर आठवड्याचा नियम मी कडुलिंबाच्या आळ्यात बघितलाय. दीड लिटरच्या हिशोबाने पंधरा मिनिटांना साडेबावीस लिटर होतात. तुम्ही माझ्यावर निम्म्याहून जास्त ड्रम ओतलात.

तेव्हा मी आभार मानले नाहीत. डोळ्याला पट्टी बांधून आठवड्याने शाळेत आले, तर तुम्ही नुसतं "दिसतंय का?" विचारलंत आणि बर्नर पुसायला लागलात. मीही 'हो' म्हणून जागेवर गेले. सतरा वर्षांच्या पोरीला काय कळतं.

पण हे पत्र आत्ताच का, तर परवा ती घड्याळवाली मैत्रीण फोनवर बोलता बोलता म्हणाली की त्या दिवशी टँकर आलाच नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रम काठोकाठ होता. संध्याकाळी तिने तुम्हाला सायकलवर दोन घागरी बांधून घराकडून शाळेकडे येताना बघितलं होतं. दोनदा.

मामींना माझा नमस्कार सांगा. ते पाणी त्यांच्या घरचं होतं.

तुमची,
डाव्या डोळ्याची