ताई, तुम्ही थोरलीबद्दलही विचारलंत

ताई,
सप्रेम नमस्कार.

जिल्हा रुग्णालयातल्या तुमच्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, आमच्यासारखे पालक रोज येतात, त्यांनीही वाचावं म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकानं पोराला तुमच्याकडे पाठवलं, तेव्हा सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा न राहण्याचा) कागद वेगळा, झटक्यांचा वेगळा, नजरेचा वेगळा होता. "घरात कोण कोण असतं? रात्री कोण जागतं?" हे विचारलंत ते तुम्ही.

रात्री हीच जागायची. वर माझ्या आईचं पालुपद ठरलेलं, हिनं ग्रहणात भाजी चिरली. तुम्ही आईला शेजारी बसवून सांगितलंत की बाळ उशिरा रडलं, मेंदूला प्राणवायू कमी पडला, ग्रहणाचा काही संबंध नाही. पण मला खरी दाद द्यावीशी वाटते ती पुढच्या गोष्टीला. आईला नुसतं गप्प केलं नाहीत, कामाला लावलंत. त्याला आडवं ठेवून भरवायचं नाही, पाठीला टेकू देऊन, मान किंचित पुढं ठेवून भरवायचं, हे आता तिचं खातं. झटका आला की कांदा-चप्पल हुंगवायला धावणाऱ्यांना तीच हाकलते. त्याला कुशीवर वळवते, तोंडात काही घालू देत नाही, मला घड्याळाकडं बघायला लावते. पाच मिनिटांवर गेलं की थेट दवाखाना.

आणि थोरली. आठवीतली पोर. "भावाची दुसरी आईच," असं सगळे कौतुकानं म्हणायचे. तुम्हाला ते कौतुक खटकलं. संध्याकाळी तिला खो-खोला जाऊ द्या म्हणालात. "मग याला सांभाळायचं कुणी?" मी विचारलं, तर तुम्ही नुसतं माझ्याकडं बघितलंत! आता संध्याकाळचे व्यायाम माझ्याकडं आहेत. पोरगी गुडघे फोडून घेते, भांडते, अभ्यास टाळते. आम्हाला बरं वाटतं.

बहुविकलांगता, म्हणजे एकाच माणसाला एकाहून जास्त अपंगत्वं, हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक, हेही तुमच्याकडूनच कळलं. प्रमाणपत्रात त्याच्या अडचणी एकत्र धरल्या गेल्या, 'निरामय' योजनेचा एक लाखाचा आरोग्य विमा झाला.

"आमच्यामागं याचं काय?" असं विचारलं की लोक "देव आहे" म्हणतात. तुम्ही १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा समजावलात. पोरगा अठरा वर्षांचा झाला की कायदेशीर पालक नेमता येतो, त्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं अर्ज करायचा. शिवाय बजावलंत, थोरलीला गृहीत धरू नका, तिला विचारा.

तिला अजून विचारलेलं नाही. दहावी होऊ दे म्हणतोय.

पालक गटात बापमंडळी आणायचं काम तुम्ही माझ्या गळ्यात घातलंय, त्यात दोघं तयार झालेत. त्यातला एक म्हणतो, येईन, पण बोलणार काही नाही, नुसता बसेन. चालेल ना?

आपला,
एक बाप